लांबच्या स्टेशनाची अंडी

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या सुपरमार्केटच्या मॅनेजरनं मला फसवलं. पिशव्या भरणारा म्हातारा माणूस त्याला काढायचा होता. तो त्यानं काढला आणि नाव माझं पुढं केलं. मॅडमची तक्रार होती म्हणे. मी तक्रार केली नव्हती, मी भांडत होते. ह्या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्यानं दुकानात उभं राहू नये. पण तो उभा आहे, गळ्यात टाय बांधून, आणि म्हातारा घरी बसला आहे. म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्यांदा एक सांगून टाकते. पिशव्या भरण्यात त्या माणसाइतका वाईट माणूस मी जन्मात पाहिला नाही. माझी अंडी त्यांनी फोडली, टोमॅटो चेंगरले, पावाची भाकरी केली. एकदा साबणाच्या वड्या आणि जिलेबीचं पाकीट अशी मोट बांधली की घरी जिलेबीला चंदनाचा वास. हे सगळं खरं आहे आणि त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही.

उंच, जरासे वाकलेले. पांढरा, कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि त्यावर दुकानाचा हिरवा एप्रन. एप्रनच्या नाड्या सगळे पाठीमागं बांधतात, हे पोटावर बांधायचे, पार्सलला सुतळी बांधावी तशी करकचून. उभी नोकरी त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली होती. रिटायर होऊन बरीच वर्षं घरी बसले, मग ह्या दुकानात लागले. दुकानवाल्यांना वाटलं असेल, जन्मभर सामान हाताळलेला माणूस आहे, पिशव्या काय सहज भरेल. तिथंच चुकलं.

पार्सल ऑफिसात आत काय आहे ते कोण बघतं? माल कुणाचा आणि कुठल्या स्टेशनाचा, एवढंच बघतात. ह्यांनी तोच कायदा किराण्याला लावला.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बिल होत होतं आणि ह्यांनी टोस्टचं पाकीट हातात घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, जणू पत्ता शोधतायत. मग मला मराठीत विचारलं, "हे कुणाचं?"

माझ्या कपाळावरून की साडीवरून, मराठी कसं ओळखलं कोण जाणे. मी म्हटलं, "माझंच. पैसे देतेय ना."

"पैसे तुमचे. टोस्ट कोण खातं?"

"नवरा खातो."

"हां." टोस्ट एका पिशवीत गेले. "अंडी?"

"नातीची."

"शाम्पू?"

"सुनेचा. अहो, पण तुम्हाला काय करायचंय?"

"फिनेल?"

आता फिनेल कुणाचं असतं? पण हे हातात बाटली धरून उभे. मागं रांग लागलेली. मी चिडून म्हटलं, "बाथरूम नवरा धुतो आमच्याकडं."

"मग नवऱ्याचंच," असं म्हणून फिनेलची बाटली टोस्टांवर ठेवून मोकळे. पिशवीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "चला, एक डिस्पॅच झालं."

अशी माणशी एक पिशवी. आणि पिशवीच्या आतली रचना आणखी वेगळी. ती मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळली, जेव्हा नातीच्या पिशवीत अंडी तळाला आणि त्यावर दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, असा सगळा डोंगर दिसला. मी किंचाळलेच. "अहो, अंडी खाली?"

"अंडी कधी करणार?"

"रविवारी."

"आज सोमवार. रविवार लांबचं स्टेशन. लांबचा माल आधी आत जातो. दूध आज उतरणार, ते दाराशी पाहिजे. नाहीतर प्रत्येक स्टेशनावर सगळा डबा रिकामा करायचा का?"

"रविवारपर्यंत अंडी राहायला नकोत का?"

"ते तुमच्या पॅकिंगवर आहे," ते म्हणाले. "मी लोडिंगवाला."

त्या दिवशी मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीला मराठी येत नाही, तरी ती लाजली. ह्यांनी मात्र एकाही शब्दाचं वाईट वाटून घेतलं नाही. उलट बोलत राहिले. मी एक बोलले की ह्यांचं दुसरं तयार. बाहेर रिक्षापर्यंत माझ्या पिशव्या घेऊन आले, भांडतच आले, पिशव्या सीटवर लावल्या आणि रिक्षाच्या टपावर थापा मारून ड्रायव्हरला म्हणाले, "छोडो!" तो बिचारा दचकून निघाला, मी पत्ता सांगायच्या आत.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं माहेर नांदेडकडं, शेती. लग्न होऊन काचीगुड्यात आले तेव्हा नवऱ्याला लहान नोकरी होती आणि मला मेतकूट, भाजणी आणि पुडचटणी येत होती. आज तीच मेतकूट-भाजणी माझ्या नावानं चार दुकानांत जाते आणि त्यावर फ्लॅट झाला. हे कुणी दिलं नाही, बेगम बाजारात, मसाल्यांच्या घाऊक बाजारात, उभं राहून मिळवलं. तिथं मला लांबून येताना बघितलं की मिरचीवाला आपल्या माणसाला म्हणतो, "अम्मा आ रे, अच्छा माल पीछे कर." मी ऐकते आणि तोच माल पुढं काढायला लावते. मग तो डोक्याला हात लावून म्हणतो, "क्या अम्मा, मेरेकू सडक पे बिठाते क्या?" मी म्हणते, "बैठो, मैं भी बाजू में बैठती." असं सगळं झालं की तोच चहा मागवतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवले आहे.

बेगम बाजारात ज्याच्याशी भांडतात ते पुन्हा त्याच्याच दुकानात जातात. ज्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचा नसतो तिथं आपण भाव विचारतो, "ठीक आहे" म्हणतो आणि चालू लागतो. हे तिथल्या हमालालासुद्धा माहीत आहे.

आणि सुपरमार्केटात सगळे भाव छापील. छापील भावाशी काय बोलणार? सुनेच्या आग्रहाखातर आणि माझ्या गुडघ्यांमुळं घरचं सामान तिथून यायला लागलं, तेव्हा मला पहिले काही आठवडे आजारी असल्यासारखं वाटत होतं. वस्तू उचला, टोपलीत टाका, पैसे द्या, बाहेर. कुणी "नाही परवडत" म्हणायला नाही, कुणी "आता तुमच्यासाठी" म्हणायला नाही. त्या अख्ख्या थंडगार दुकानात घासाघीस करता येईल असा एकच माणूस होता. तो पोटावर गाठ मारून काउंटरच्या टोकाला उभा असायचा.

आमची घासाघीस पिशव्यांवर चालायची. प्रत्येक पिशवीला पैसे पडतात, आणि हे माणशी एक पिशवी लावायचे. मी म्हणायची, दोघांचं एकत्र करा. ह्यांचे त्यातही नियम.

"सुनेचं आणि नातीचं एकत्र टाका."

"टाकतो. आई-लेकीचं चालतं."

"माझं आणि सुनेचं?"

"नक्को. सासू-सुनेचं एकत्र बुक करत नाही मी. वाटेत डॅमेज होतं."

"बरं, मग माझं नवऱ्याबरोबर टाका."

"ते चालतं," म्हणाले, आणि नवऱ्याची पिशवी उघडून उभे राहिले. "द्या. काय आहे तुमचं?"

मी टोपलीत पाहिलं. टोस्ट नवऱ्याचे. ओट्स मुलाचे. शाम्पू, अंडी, चॉकलेटचं दूध, सगळं ज्याचं त्याचं. तांदूळ-डाळ-तेलाची 'सार्वजनिक' म्हणून त्यांनी वेगळी पिशवी केलेली होतीच. मी म्हटलं, "सगळं माझंच आहे. घर माझं आहे."

"तसं नाही. तुमच्या नावाचं काय?"

"काही नाही."

"नाव आहे आणि माल नाही," ते म्हणाले, "असं बुकिंग होत नाही बाई."

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना फक्त पिशवी बंद करायची होती. पण मला असा राग आला की मी पैसे देता देता थांबले, रांग तशीच उभी ठेवून आत गेले आणि समोर दिसलं ते उचलून आणलं. ओल्या खजुराचा डबा निघाला. काउंटरवर आपटून म्हटलं, "हे माझं! झालं?" त्यांनी डबा पुढून-मागून बघितला आणि समाधानानं नवऱ्याच्या पिशवीत टाकला, नेमका ब्रेडवर.

तो खजूर मी एकटीनं खाल्ला. नंतर दर वेळी काहीतरी माझ्या नावाचं घ्यायला लागले. नाहीतर हा माणूस पुन्हा चारचौघांत विचारणार.

विचारायचेच ते, सगळ्यांना. मराठी माणसाला मराठीत, बाकीच्यांना "ये किसका है?" एक जाडसर गृहस्थ बायकोबरोबर यायचे. त्यांनी एकदा गुलाबजामचा डबा इतर सामानाखाली दडवून आणला. ह्यांनी तो वर धरला. "किसका है?" बायको बघतेय. गृहस्थ म्हणाले, "मेहमान आने वाले हैं." झालं, पाहुण्यांची वेगळी पिशवी. पुढच्या आठवड्यात तेच जोडपं रांगेत उभं असताना ह्यांनी मोठ्यानं चौकशी केली, "मेहमान आए क्या साब?" बायकोनं नवऱ्याकडं जे पाहिलं, त्यावरून मला कळलं की पाहुणे एकटेच आले होते आणि स्वयंपाकघरातच जेवून गेले होते.

फिनेलचा किस्सा तर राहिलाच. पहिल्या दिवशी टोस्ट वाचले, पण पुढं एकदा झाकण सैल निघालं. उस्मानिया बिस्किटांच्या पाकिटाला बाहेरून सगळा वास. आमच्याकडं नवऱ्यानं चहात बिस्किट बुडवलं आणि शांतपणे विचारलं, "आज कप कशानं धुतलास?" मी ते पाकीट घेऊन तरातरा दुकानात. ह्यांच्या नाकाशी धरलं. "घ्या वास!"

त्यांनी घेतला. विचार केला. आतलं एक बिस्किट काढून खाल्लं.

"वास आहे," म्हणाले. "पण कुरकुरीत आहे."

"कुरकुरीत? माझ्या नवऱ्याला काही झालं असतं म्हणजे?"

"पाकीट सीलबंद होतं. वास वरवरचा. आणि दोन्ही माल त्यांचाच, बाहेरच्या माणसाचं नुकसान कुठं आहे?"

मी हसले. भर दुकानात, हातात फिनेलचा वास मारणारं पाकीट घेऊन. तेही हसले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अम्मा, लाइन!" मागं खरंच रांग होती, आणि तीही हसत होती. मॅनेजर मात्र काचेच्या खोलीतून बघत होता. तो हसला नाही. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

गेल्या महिन्यात गेले तर काउंटरच्या टोकाला कुणीच नव्हतं. त्या जागी लोखंडी स्टँड आणि त्यावर पाटी: आपलं सामान आपणच भरावं, म्हणजे आपल्या मनासारखं भरलं जाईल. मुलीला विचारलं, "कहाँ गए वो?"

ती माझ्याकडं बघेना. मग हळूच तेलुगूत म्हणाली, "मीरे कदा अम्मा, कंप्लेंट चेसिंदी." तुम्हीच ना अम्मा, तक्रार केली.

मी काचेच्या खोलीत गेले. मॅनेजर उठून उभा राहिला, खुर्ची दिली. मुलगा तसा सभ्य आहे. सभ्य माणसं फसवतात तेव्हा जास्त जपून राहावं लागतं.

"मॅडम, आपके जैसे पुराने कस्टमर को तकलीफ हो रही थी. हमने ऊपर बता दिया."

"मैं कब बोली उनको निकालो?"

"आप हर बार नाराज होते थे मॅडम. सब लोग देखे हैं."

"वो मैं उनसे लड़ती थी. तुमको बोली क्या? तुम्हारे पास एक बार भी आई क्या?"

"एक ही बात है ना मॅडम."

एकच गोष्ट! मग मी विचारलं, त्यांच्या जागी दुसरा कुणी येणार आहे का? तो म्हणाला, नाही, आता सगळीकडं असंच आहे, सेल्फ-सर्व्हिस. म्हणजे कळलं की नाही? माणूस कमी करायचा होता. पगार वाचवायचा होता. अरे, मग तसं सांग! मी पण धंदा करते. माझ्याकडं कामाला असलेल्या दोन बायकांना मलाही एका वाईट वर्षी नको सांगावं लागलं. मी त्यांच्या घरी जाऊन माझ्या तोंडानं सांगितलं, शिव्या खाल्ल्या आणि परत आले. नको म्हणायचं तर आपल्या तोंडानं म्हणावं, गिऱ्हाइकाच्या तोंडानं म्हणू नये. बेगम बाजारातला लबाडातला लबाड माणूसही एवढं पाळतो.

मी पत्ता मागितला. तो देईना. काउंटरवरच्या मुलीनं सांगितला.

काचीगुडा स्टेशनाच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर, मुलाच्या घरी राहतात ते. त्यांच्या सुनेनं दार उघडलं, भली पोरगी, मराठीच, अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलणारी. मी सुपरमार्केटातून आलेय म्हटल्यावर तिला वाटलं कामावर परत बोलवायला आलेय. तिचा चेहरा इतका उजळला की मला खोटं सांगावंसं वाटलं. "बरं होईल हो काकू," ती म्हणाली. "घरी बसले की माझा फ्रिज लावतात. काल दही, औषधं आणि माझ्या नवऱ्याचे डोळ्यांचे थेंब एका डब्यात. का, तर तिन्ही एकाच माणसाची. मी हात लावू देत नाही आता. मग सकाळी शर्ट इस्त्री करून बसून राहतात."

ते बाहेर आले. शर्ट इस्त्रीचाच होता. मला बघून हात जोडले.

"या बाई. बसा."

मी बसले. म्हटलं, आता सुरू करतील. काही नाही. पाणी आलं, चहा आला. माझी चौकशी केली, गुडघे कसे आहेत.

"मी तक्रार केली नाही," मी म्हटलं.

"असू द्या बाई. केली तरी काय. ग्राहकाचा हक्क आहे."

हे त्यांचं वाक्य नव्हतं. हे काचेच्या खोलीतलं वाक्य होतं.

"अहो, मी भांडत होते तुमच्याशी!"

"हो. तेच ते," ते अगदी नम्रपणे म्हणाले.

मग मी मुद्दाम आवाज चढवला. म्हटलं, अंडी तळाला घालणारा माणूस मी त्रिभुवनात पाहिला नाही. रविवार म्हणे लांबचं स्टेशन! लाज नाही वाटत? त्यांनी मान हलवली.

"चुकलंच ते. अंडी वर पाहिजेत."

"आणि फिनेल?"

"तेही चुकलं."

"सासू-सुनेचं एकत्र बुक करत नाही म्हणे! कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

"माफ करा बाई," ते म्हणाले. "आता वय झालं."

मी चहा तसाच ठेवून उठले. जिना उतरताना गुडघ्यांचं भान नव्हतं. एवढी वर्षं व्यापार केला, माल गेला, उधारी बुडाली, एकदा तर भागीदारच पळाला. पण असा तोटा मला कुणी घातला नव्हता. जो माणूस माझ्या एका शब्दाला दुसरा शब्द परत केल्याशिवाय राहत नव्हता, तो माझ्याशी गोड बोलत होता, आणि त्याच्या मनात मी त्याच्या पोटावर पाय देणारी बाई होते.

मुलगा म्हणतो, आई, फोनवर त्या दुकानाला एक स्टार दे, चार ओळी लिही, त्यांची जिरेल. मी म्हटलं, तो धंदा त्यांचा. न बघता, न बोलता, पाठीमागून. मला ते जमत नाही. मी दोनदा पुन्हा दुकानात गेले. एकदा मॅनेजर मीटिंगमध्ये होता. दुसऱ्यांदा म्हणाला, निर्णय वरून झाला, मॅडम. वर कोण, विचारलं तर हसला आणि मला एक कापडी पिशवी भेट द्यायला निघाला. ती मी तिथंच ठेवून आले.

तेव्हा आता सगळ्यांदेखत विचारते. माणूस परत ठेवा असं मी म्हणत नाही. दुकान तुमचं, पगार तुमचा. पण माझं नाव तुम्ही कुणाला विचारून वापरलं? हा निर्णय ज्यानं घेतला, तो काचेच्या खोलीतला असो की वरचा, त्यानं काचीगुड्याला यावं. दुसऱ्या मजल्यावर जिन्यानं जावं, लिफ्ट नाही. त्या माणसासमोर उभं राहून आपल्या तोंडानं सांगावं की काढलं ते आम्ही, आमच्या पैशासाठी, आणि ह्या बाईचा त्यात काही संबंध नाही. मी बाजूला उभी असेन. एक शब्द बोलणार नाही.

कोण येतोय, बोला.